फ्लॉपी मेलेल्या जुन्या पीसीतून फायली काढायच्यात? इंटरसव्हर चालवा

मामांच्या दुकानातला ४८६, म्हणजे नव्वदीतला जुना पीसी, माळ्यावरून खाली उतरवला आणि तो चक्क सुरू झाला, पण फ्लॉपी ड्राइव्ह नुसता घरघरतोय, यूएसबीचा तर त्या मशीनच्या वेळी पत्ताच नव्हता, आणि आत सात-आठ वर्षांची उधारी आणि खतावणी. डिस्क काढून अडॅप्टरला लाव असं सगळे सांगतात, पण त्या जमान्यातल्या डिस्कची सिलिंडर-हेडची सेटिंग, म्हणजे डिस्कच्या मापांची नोंद, दुसरीकडे तशीच्या तशी वाचली जाईलच असं नाही, आणि चालत्या म्हाताऱ्या डिस्कला मी उगाच हात लावत नाही. मागे सिरियल पोर्ट, म्हणजे केबल लावायचं ९ पिनचं सॉकेट, आहे ना, बास झालं.

१९९३ साली एमएस-डॉस ६.० (कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टीम) सोबत मायक्रोसॉफ्टने दोन प्रोग्राम दिले होते, इंटरलिंक आणि इंटरसव्हर. टाइप करताना एक लक्षात ठेवा, डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं, त्यामुळे पहिल्याचं स्पेलिंग आय-एन-टी-ई-आर-एल-एन-के, मधे दुसरा आय नाही, आणि दुसऱ्याचं शेवटचं एस-व्ही-आर. ज्या मशीनच्या फायली हव्यात तिथे इंटरसव्हर चालवायचा, म्हणजे ते झालं सर्व्हर. दुसऱ्या मशीनवर इंटरलिंक, तो क्लायंट, आणि सगळं टायपिंग तिथेच. सर्व्हर झालेला पीसी तेवढा वेळ दुसरं काहीही करत नाही, त्यावर बसून काम करायचा विचार सोडून द्या.

आता केबल, कारण नव्वद टक्के डोकेदुखी इथेच. नल मोडेम केबल, म्हणजे आतल्या तारा उलटसुलट जोडलेली, लागते, साधी सरळ सिरियल केबल चालत नाही. मला एका दुकानदाराने हीच आहे म्हणून सरळ केबल दिली आणि मी अख्खी संध्याकाळ सेटिंगला शिव्या घालत बसलो. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि बघा: ९ पिनच्या कनेक्टरला एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या ३ ला लागली पाहिजे, ३ ही २ ला, ५ ला ५, मग ४ आणि ६ उलटसुलट, ७ आणि ८ उलटसुलट. अशा सात तारा. नुसत्या २, ३, ५ अशा तीन तारांवरही कॉपी होते, पण पुढची युक्ती करायची तर सातच हव्यात.

युक्ती अशी की मामांच्या मशीनमध्ये डॉस ५ आहे, म्हणजे इंटरसव्हर नाहीच, आणि फ्लॉपी मेलेली, मग तो तिथे पोचवायचा कसा? माझ्या पेंटियमवर, म्हणजे क्लायंटवर, डॉस ६.२२ आहे, तिथे लिहिलं इंटरसव्हर, स्पेस, स्लॅश आरकॉपी. तो समोरच्या मशीनचा पोर्ट विचारतो, कॉम१, म्हणजे पहिला सिरियल पोर्ट, असं सांगितलं, मग तो म्हणतो त्या दोन ओळी ४८६ वर टाइप करायच्या: आधी मोड कॉम१:२४००,एन,८,१,पी आणि मग सीटीटीवाय कॉम१. दुसऱ्या ओळीनंतर ४८६ चा कीबोर्ड मेल्यासारखा होतो, घाबरून रिसेट मारू नका, ताबा केबलकडे गेलेला असतो आणि इंटरलिंक आणि इंटरसव्हर या दोन्ही फायली तारेतून येत असतात. त्या जिथे हव्यात त्या डिरेक्टरीत आधीच जाऊन बसा, आणि तिथे शेअर हा प्रोग्राम लोड असेल तर आधी काढा.

मग ४८६ वर सर्व्हर सुरू करायचा: इंटरसव्हर सी: स्लॅश कॉम:१. सी: मुद्दाम लिहायचं, नाहीतर तो सगळे ड्राइव्ह देऊ करतो आणि मेलेली फ्लॉपी मधे कडमडते. पोर्टही सांगून टाकायचा, नाहीतर तो सगळे पोर्ट चाचपतो आणि सिरियल माउस असेल तर तो गंडतो.

क्लायंटच्या कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, अगदी शेवटची ओळ: डिव्हाइस=सी:\डॉस\इंटरलिंक.ईएक्सई, पुढे स्लॅश कॉम:१ आणि स्लॅश नोप्रिंटर, कारण ते नसेल तर प्रिंटरचे पोर्टही तिकडे वळतात. शेवटी अशासाठी की मधे टाकली तर पुढच्या ड्राइव्हची अक्षरं सरकतात. रीबूट करा, नुसतं इंटरलिंक टाइप करा, कुठलं अक्षर कुठल्या ड्राइव्हला लागलंय ते दिसतं. माझ्याकडे डी म्हणजे मामांचा सी. डीआयआर डी: मारलं आणि १९९६ च्या दिवाळीच्या तारखांच्या फायली सरसर वर गेल्या, मामा खुर्ची ओढून बसलेच.

पुढे साधं एक्सकॉपी, स्लॅश एस आणि स्लॅश व्ही लावून. लपवलेल्या फायली त्यात येत नाहीत, त्या आधी अ‍ॅट्रिबने उघड्या करा. वेग जास्तीत जास्त १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला फार तर ११,५२० बाइट, २० एमबीला हिशोबाने अर्धा तास आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, तेव्हा चहा टाका. जुन्या पोर्टच्या चिपमध्ये एकाच बाइटची जागा असते, मधेच अडकायला लागलं तर दोन्हीकडे स्लॅश बॉड:३८४०० द्या, आणि एक मशीन पूर्ण थिजत असेल तर दोन्हीकडे स्लॅश व्ही, तो टायमरच्या भांडणावर आहे. फॉरमॅट, चेकडिस्क, अनडिलीट या जोडलेल्या ड्राइव्हवर चालत नाहीत, ते ४८६ वर बसूनच करा.

झालं की सर्व्हरवर ऑल्ट एफ४. पेंटियममध्ये मी डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावलंय, ते काढून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घातलं. मामा अजून उधारीची यादी वाचतायत, त्यातले दोघं म्हणे अजून रोज समोरून जातात.