पैसे कमी असताना औषधपाण्यातलं काय कापायचं अन् काय नाही

मागच्या वर्षी आमच्या मोठ्या मायच्या औषधांच्या डब्यात अडकित्ता सापडला. सुपारी तर ती खात नाही. बीपीची गोळी त्यानं कातरून अर्धी आज, अर्धी उद्या असं चालू होतं, म्हणजे महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या. विचारलं तर म्हणे, "माले काही व्हयेल नई, कापूस इकायना का मंग पुरी लिसू." अन् त्याच महिन्यात अंग मोडून आलं म्हणून गावात सलाईन लावून घेतलं, त्याचे चारशे मात्र हूं की चूं न करता दिले.

खिशातून पैसे द्यायची वेळ आली की असंच होतं, अन् हे फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेत 1974 ते 1982 मध्ये रँड नावाच्या संस्थेनं दोन हजारांवर कुटुंबांवर प्रयोग केला, काहींना उपचार फुकट, बाकीच्यांना बिलाचे 25, 50 नाहीतर 95 टक्के स्वतः भरायचे. ज्यांना भरायचे होते ते दवाखान्यात कमी गेले, ते तर होणारच होतं, पण त्यांनी गरजेचं अन् बिनगरजेचं दोन्ही सारखंच कापलं. बहुतेकांच्या तब्येतीला मोठा फरक पडला नाही, पण जे गरीब अन् आधीच बीपीवाले होते त्यांचं बीपी फुकटवाल्या गटात जास्त आटोक्यात राहिलं. म्हणून कात्री लावायच्या आधी थोडं बसून ठरवा.

बीपी, शुगर, फिट्स, टीबी यांच्या गोळ्या अन् गरोदरपणाची तपासणी, यांना हात लावू नका. काही दुखत नाही म्हणून आपल्याला वाटतं आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बघू, पण बीपी दुखत नाही हाच तर त्याचा घोटाळा आहे. गोळी तोडायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, नावापुढं एसआर किंवा एक्सआर असेल तर मनानं अजिबात तोडू नका, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते.

कापायचंच तर 'विकनेस'चं सलाईन कापा. उलट्या-जुलाबानं पाणी कमी झालंय, पोटात काही टिकत नाही, तेव्हा ते लागतंच, त्यात वाद नाही. पण नुसता थकवा असेल तर हिशोब करा, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते अन् साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, एवढं तर घरच्या लिंबू सरबतात बसतं. टॉनिकच्या बाटल्यांचंही तेच.

आता पैसे वाचवायचे कुठं? गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं अन् औषधाचं नाव बारीक असतं, ते बारीक नाव वाचा अन् जनऔषधीच्या दुकानात तेच मागा, बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. त्याच्याही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, बीपी-शुगरच्या गोळ्या तिथं फुकट असतात, अन् 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं मोफत केलंय. फक्त जळगाव-धुळ्याच्या मेडिकल कॉलेजचा विभाग वेगळा आहे, तिथं काय लागतं ते खिडकीवर आधी विचारा.

गोळीपेक्षा जायचा खर्च जास्त असतो हे कोणी धरतच नाही. धडगावकडून नंदुरबारला यायचं म्हणजे बसभाडं, बुडालेली रोजंदारी, सोबत एक माणूस, त्याचीही रोजंदारी. म्हणून शुगरला उपाशीपोटीच, सकाळच्या ओपीडीला जा, नाहीतर 'उद्या या' होतं. अन् डॉक्टरांपुढं लाजू नका, सरळ म्हणा, "साहेब, आज एवढेच आहेत, यातलं काय आधी, काय पुढच्या महिन्यात?" मी असं विचारलं तेव्हा पाच तपासण्यांच्या दोन झाल्या.

अॅडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजना विसरू नका. 2023 च्या निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे अन् कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या आजारांसाठी अन् यादीतल्या दवाखान्यातच, साध्या ओपीडीच्या गोळ्यांना नाही. रेशनकार्ड अन् आधार घेऊन डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्य मित्राला, म्हणजे यादीतल्या दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. आमच्या चुलतभावानं घाईत आधी पंधरा हजार भरले, मग योजनेचं विचारलं, ते पैसे परत मिळवायला चार चकरा झाल्या. टोल फ्री नंबर 155388, तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री दोनला शोधत बसायचं नको.

मोठ्या मायचा अडकित्ता आता शेजारच्या आबांकडं आहे, ते सुपारी खातात.