विद्यार्थ्यांच्या बिग बँडसाठी अरेंजमेंट निवडताना

सांगली-मिरज परिसरात ट्रंपेट, क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारी जी मुले माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या घरांतली असतात. त्यांचा कान तयार असतो, फुंक दमदार असते, मात्र नोटेशन वाचण्याची सवय कमी असते. अशा मुलांचा जॅझ बिग बँड उभा करू पाहणाऱ्या नव्या शिक्षकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अरेंजमेंट (एखाद्या धुनेची प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेली मांडणी) निवडताना धून किती गाजलेली आहे हे शेवटी पाहावे आणि समोर कोण बसले आहे हे सर्वांत आधी.

पूर्ण बिग बँडमध्ये साधारणपणे पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम्स यांचा ताल-विभाग असतो. आपल्याकडे ही सगळी आसने क्वचितच भरतात. ट्रॉम्बोन तर शोधावाच लागतो. म्हणून शाळा-महाविद्यालयांसाठी लिहिलेल्या, काही भाग ऐच्छिक ठेवलेल्या अरेंजमेंट घ्याव्यात, कारण त्यांत चौथा ट्रंपेट किंवा चौथा ट्रॉम्बोन नसला तरी स्वरमेळ उघडा पडत नाही. मोठी अरेंजमेंट स्वतः आटोपशीर करायची असेल, तर प्रत्येक कॉर्डचा (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा स्वर कोणाकडे तरी राहील याची खात्री करावी. कॉर्डचे रूप त्या दोन स्वरांनी कळते. पाचवा स्वर बहुतेक वेळा सोडता येतो आणि मूळ स्वर बास सांभाळतो.

स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे एकत्र लिहिलेले नोटेशन, हातात आला की मी प्रथम पहिल्या ट्रंपेटचे पान वाचतो. सर्वांत वरचा स्वर कोणता, एवढे पाहून भागत नाही; वादक त्या उंचीवर किती वेळ राहतो आणि ओठांना विश्रांती कुठे मिळते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्यासाठी लिहिलेला स्वर पाच रेषांच्या लगेच वरच्या ‘जी’पर्यंत असला की मी निश्चिंत असतो. त्यावरच्या ‘सी’पर्यंत वारंवार जाणारी रचना कितीही आवडली तरी बाजूला ठेवतो, कारण दमलेला पहिला ट्रंपेट साऱ्या वाद्यवृंदाचा स्वर खाली ओढतो.

त्यानंतर पट्टी पाहावी. काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्या फुंकवाद्यांना सोयीच्या पडतात. या वाद्यांची पाने प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीत लिहिलेली असतात; त्यामुळे याउलट गायकासाठी पांढरी सहा धरली, तर ट्रंपेट व टेनर सॅक्सोफोनच्या पानावर पाच शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणाऱ्या खुणा) येतात आणि आल्टो सॅक्सोफोनच्या पानावर सहा. वाचायला नुकतीच शिकलेली मुले तिथे अडतात.

लय हा सर्वांत नाजूक भाग आहे. मध्यम लयीचा स्विंग, म्हणजे जॅझची झुलती चाल, समजावताना मी मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडायला सांगतो; तिस्र जातीची ओळख असलेल्या मुलांना ते पटकन उमगते. लय वाढली की हे भाग समसमान होत जातात, हे मात्र रेकॉर्डिंग ऐकूनच अंगवळणी पडते. कागदावर सोप्या दिसणाऱ्या अतिविलंबित रचनांपासून नवख्यांनी सावध राहावे. अरेंजर नील हेफ्टी यांनी अमेरिकन जॅझ बँडप्रमुख काउंट बेसींच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली ‘लिल डार्लिन’ पाहा: स्वर थोडे, उंची माफक, आणि तरीही ती लय न धावता शेवटपर्यंत धरून ठेवणे अनुभवी वादकांचीही परीक्षा घेते. सुरुवात ब्लूजच्या बारा मापांवरच्या (बारा आवर्तनांच्या ठरलेल्या साच्यातल्या), मध्यम लयीच्या रचनेने करावी. त्यात प्रत्येकाला उत्स्फूर्त वादनाची संधी मिळते, आणि ज्याला अजून ते जमत नाही त्याच्यासाठी लिहिलेला सोलो छापलेला आहे ना, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

श्रोत्यांसाठी एखादी ओळखीची धून जरूर घ्यावी. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा सहभाग होता, तेव्हा जॅझचा हा आवाज आपल्या लोकांना परका नाही.

कार्यक्रमाचा क्रम ओठांच्या हिशेबाने लावावा: आरंभी मध्यम लय, सर्वांत उंच स्वरांची रचना मध्यंतराच्या आधी, आणि तिच्या मागे-पुढे सॅक्सोफोनवर भार टाकणाऱ्या रचना. तारीख ऐन लग्नसराईत धरू नये. त्या दिवसांत आपले ट्रंपेटवादक वरातीत वाजवत असतात आणि तालमीला येतात तेव्हा त्यांचे ओठ आधीच थकलेले असतात.