जुनी बोलेरो घरच्या अंगणात कशी सांभाळायची

आमच्याकडे २००७ ची बोलेरो आहे, डीआय, म्हणजे साध्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन. सेन्सर बिन्सर काही नाही आणि खरं सांगू का, म्हणूनच ती अजून दारात उभी आहे. घर चिपळूणजवळ, चार महिने नुसता पाऊस, त्यामुळे इथे गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. हे आधीच सांगतो कारण बहुतेक लोक जुनी गाडी घेतली की पहिले पैसे बंपर आणि लाइटवर घालवतात आणि चेसीस खालून खात चाललीय हे दोन पावसाळ्यांनी कळतं.

तर आधी खाली बघायचं. पण नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली घुसायचं नाही म्हणजे नाही, कितीही दोन मिनिटांचं काम असू दे. सपाट कडक जमीन, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून मागून दगड, चेसीसखाली दोन लोखंडी घोड्या (जॅक स्टँड), आणि काढलेलं चाक आडवं करून चेसीसखाली सरकवून ठेवायचं, घोडी घसरलीच तर गाडी त्याच्यावर बसेल. अंगणात माती असेल तर घोडीखाली जाड फळी टाका, नाहीतर पाय रुततात.

मे महिन्यात गाडी खालून धुवायची आणि पूर्ण कोरडी व्हायला दोन दिवस उन्हात सोडायची. मग तारेचा ब्रश घेऊन जिथे पापुद्रे सुटलेत तिथे चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं, रेड ऑक्साइड प्रायमर, वाळू द्यायचा, वर पेंट. गंजावरच जाड काळं कोटिंग फासणारे भरपूर आहेत, दिसतं मस्त, पण आत पाणी अडकून गंज आरामात वाढतो आणि तुम्हाला दिसत पण नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात ती तारेने मोकळी करा, कोटिंगवाले नेमकी तीच बुजवतात. आमच्याकडे जुने लोक जळकं ऑइल मारतात, चालतं असं म्हणतात, पण ते सांध्यांमधल्या रबरी बुशांवर गेलं की बुश फुगून मऊ होतात आणि अंगणाची माती पण वाया जाते, मी बंद केलं.

ग्रीसिंगला लोक कंटाळतात पण ग्रीस गन एकदा घेतली की सुटलात. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, त्याच्या क्रॉसची (सांध्याची) निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, शाफ्ट मागेपुढे सरकतो तिथलं निपल, स्टीअरिंगच्या सांध्यांवर असतील ती, आणि आधी प्रत्येक निपल फडक्याने पुसायचं, नाहीतर गनने वाळूच आत ढकलता. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून टक्क आवाज येत असेल तर आधी क्रॉसवरच संशय घ्या. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघताना एखादं पान तुटलंय का आणि त्यांना एक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले आहेत का एवढं बघा, लोड टाकणाऱ्या गाडीचे ढिले होतातच.

आता डिझेल फिल्टर. याच्यात माझी एकदा फजिती झालीय. रात्री फिल्टर बदलला, सकाळी पाहुण्यांना रत्नागिरीला सोडायचं होतं, आणि गाडी सेल्फ मारते पण उठत नाही. रबरी रिंग नीट बसली नव्हती, एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. तर पद्धत अशी: जुनी रिंग चिकटून राहिलेली नाही ना ते बघा, नव्या रिंगला डिझेलचं बोट फिरवा, फिल्टर हाताने घट्ट करा, मग वरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल, की स्क्रू बंद. खाली पाणी जमायचा बोल्ट असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा वाटी धरून सोडा. आणि हे हातपंपाचं सगळं साध्या पंपाच्या गाडीचं आहे. नंतरच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) गाडीत इंजिन चालू असताना नोझलचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचे, पाइप कधीच ढिले करू नका, तिथे प्रेशर एवढं असतं की डिझेलची धार कातडीतून आत जाते, थट्टा नाही.

इंजिन ऑइल मी ५००० किमीला बदलतो, १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं, इंजिन कोमट असताना. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. भरताना किती लिटर हे कोणाला विचारू नका, डिपस्टिकवर बघत भरा. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस दिसला आणि कूलंट पण कमी होतंय तर हेड गॅस्केटचा संशय, तिथे घरचं काम संपलं. धुराचं साधं गणित आहे, काळा म्हणजे आधी एअर फिल्टर मग नोझल पंप, निळा म्हणजे ऑइल जळतंय. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं आणि घाटात गरम झालं की पेडल खाली जातं. कुंभार्ली उतरताना हे कळू नये.

मॉडिफिकेशनमधलं मला एकच काम खरंच पैसे वसूल वाटलं, हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा विजेचा स्विच. जुन्या वायरिंगमध्ये लाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे, मग लाइट लावून बल्बच्या होल्डरवर मोजा, दीड दोन व्होल्ट कमी दिसले तर उजेड तिथेच गेला. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, लो आणि हायला वेगळा रिले, जुनी वायर फक्त रिले चालू करायला, आणि अर्थिंगची वायर पण नवी. बल्ब तोच ६०/५५ वॉटचा ठेवा. मी आधी हुशारी करून १००/९० टाकला होता, होल्डर वितळला आणि समोरच्यांच्या शिव्या वेगळ्या.

टायरचं पण तसंच. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ टाकले तर चाक साधारण ७०४ मिमीचं ७३४ होतं, म्हणजे चार टक्के मोठं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे असते, चढावर दम कमी, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतं का ते बघावं लागतं, आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर पंक्चरच्या दिवशी एका बाजूला वेगळं चाक.

पुढचा लोखंडी गार्ड मात्र काढून टाका. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि धडकेत तो मार सरळ चेसीसला देतो. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की परत पासिंग, ग्रीन टॅक्स, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. आमचं झालं तेव्हा आरटीओत जाण्याआधी मी एक रविवार फक्त लाइट, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेक यात घालवला, त्यातला हँडब्रेक नीट करायलाच अर्धा दिवस गेला कारण केबल आवरणातच गंजून जाम झाली होती.