वस्तीचा स्वतःचा निधी कसा उभा करायचा आणि दहा-पंधरा वर्षं कसा टिकवायचा

आपल्या नागपुरात वर्गणी गोळा करणं कोणाला शिकवावं लागत नाही. गणपती, रामनवमी, १४ एप्रिल, दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी भोजनदान, तान्ह्या पोळ्याची मारबत, सगळं वर्गणीवरच तर चालून राहिलं. पण तो पैसा सणासोबत संपतो आणि तो संपायलाच पाहिजे. वस्ती सुधारायचा पैसा वेगळा, तो थोडा थोडा येत राहिला पाहिजे आणि थोडा थोडाच गेला पाहिजे. नाहीतर काय होते, ओपन स्पेसमध्ये कोणाच्या तरी निधीतून ग्रीन जिम (उघड्यावरची व्यायामाची साधनं) लागते, नारळ फुटतो, फोटो निघतात, मग बेअरिंग जाते आणि ते सामान गंजत पडते, कारण बसवायला पैसा होता, दुरुस्तीला कोणाकडेच नव्हता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वस्तीच्या निधीचा पहिला हक्क देखभालीचा, नवीन कामाचा नंबर नंतर.

सुरुवात पैशापासून करू नका. आधी घरोघरी जा, मालकांकडे आणि भाडेकरूंकडे पण (भाडेकरूंना लोकं हमखास वगळतात, राहतात तर तेही इथेच ना), आणि एकच विचारा, पाच वर्षांनी इथे काय पाहिजे. दुपारी गेलात तर बाया भेटतील, संध्याकाळी माणसं, दोन्ही वेळा जा, उत्तरं वेगळी येतात. बचत गटाच्या ताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, दर महिन्याला पैसे गोळा करून वहीत लिहायची सवय वस्तीत त्यांनाच असते.

मग हिशोब. समजा २०० घरं आहेत, महिन्याला १०० रुपये ठरवले तर कागदावर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात, पण सगळे देत नसतात, ६० टक्के धरा म्हणजे १ लाख ४४ हजार, आणि त्यातच बसेल असं काम ठरवा. ज्याला १०० जड जातात त्याच्याकडून २० घ्या किंवा श्रमदान घ्या, गवंडीकाम, वायरिंग, हिशोब लिहिणं, सगळं चालते, फक्त त्याचीही नोंद पावतीसारखीच करा. दरवर्षी जमलेल्यातला चौथा हिस्सा एफडीत टाका आणि तिला हात लावायचा नाही असा ठराव करा.

इंग्लंडमध्ये बिग लोकल नावाचा कार्यक्रम झाला, लॉटरीच्या पैशातून १५० भागांना प्रत्येकी निदान १० लाख पाउंड मिळाले आणि ते दहा-पंधरा वर्षांत, घाई न करता, तिथल्या रहिवाशांनीच ठरवून खर्च करायचे होते. आपल्याकडे तेवढा पैसा कोणी देणार नाही, पण घाई नको आणि ठरवणारे राहणारेच पाहिजेत, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

नोंदणी टाळू नका. निदान ७ सदस्य जमवून १८६० च्या सोसायटी कायद्यात संस्था नोंदवायची, आपल्या राज्यात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, दोन्ही काम धर्मादाय कार्यालयातच होते. संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा, तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा, अध्यक्षाच्या मोबाईल नंबरचा कधीच नको, माणूस कितीही सोन्यासारखा असला तरी नको. पैसा बँकेतच, भिशीत नाही. ३१ मार्चला हिशोब बंद करून सीएकडून ऑडिट करून घ्या, आणि महिन्याचा जमाखर्च समाजभवनाच्या फळ्यावर लावा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर तो गुड मॉर्निंगच्या खाली जातो.

आता खर्च कशावर. रस्ता, गडर लाईन, पाणी यावर वर्गणी लावू नका, तो आपल्या टॅक्सचा हक्क आहे, त्यासाठी मनपाच्या झोन ऑफिसला अर्ज करा आणि पोच घ्या. मोकळी जागा सुधारायची असेल तर आधी ती मनपाची की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) हे काढा. गुंठेवारीतल्या लेआऊटमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय पडलेल्या लेआऊटच्या ५७२ आणि १९०० वाल्या याद्यांमध्ये, हे तर पहिलंच काम, कारण पीयू लँड (सार्वजनिक वापराची जागा) समजून तुम्ही कुंपण घालाल आणि जागा निघेल कोणाच्या तरी नावावर. १० रुपये भरून माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. मग देखभालीची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

झाडं लावायची असतील तर रोपाच्या पैशात भागत नाही, पावसाळ्यात सगळीच जगतात, इथल्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कळते. ट्री गार्ड आणि पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांचं टँकरचं पाणी धरूनच बजेट करा. शंभर लावून विसरण्यापेक्षा वीस कडुनिंब जगवा.

मोठा पैसा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मागा, हातात ऑडिट असलं की लोकं ऐकतात. देणगीदाराला देणगीवर आयकराची सवलत (जिला ८०जी म्हणतात) पाहिजे असेल तर आयकरात संस्थेची वेगळी नोंदणी लागते, आणि २००० च्या वर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही. बुटीबोरी, हिंगणा, मिहानमधल्या कंपन्यांकडे सीएसआर (कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा पैसा) मागायचा असेल तर आधी संस्थेच्या नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला पाहिजे. वस्तीतली पोरं अमेरिकेत असतील तर एक लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्टवाला आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवू शकतो, पण तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परदेशी धरला जातो, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळते ते) असलं तरी, आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्यातल्या परवानगीशिवाय तो घेता येत नाही.

कार्यकारिणी दर तीन वर्षांनी बदला, निम्मे जुने निम्मे नवे, आणि बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करायचा अर्ज) टाका. हे राहून गेलं की जुन्यांचीच नावं कागदावर राहतात आणि बँकेत सही बदलताना काम अडते.