पहिला टॅटू: अक्षरापासून खपलीपर्यंत

पहिल्या टॅटूत ‘आई’ किंवा एखादं नाव गोंदवून घेणारे पुष्कळ असतात. तेव्हा आधी अक्षर बघा, सुई नंतर. कॉम्प्युटरवरचे बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, त्यांतला ‘ल’ आणि ‘श’ आपला वाटत नाही. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर सुटतं आणि मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होणं तर नेहमीचंच. नाव कागदावर स्वच्छ लिहून न्या आणि स्टेन्सिल (सुई चालवण्याआधी त्वचेवर उमटवतात तो डिझाइनचा छाप) त्याच्याशी ताडून पाहा.

अक्षर बारीक ठेवायचा मोह टाळा. शाई त्वचेत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते, आणि ‘क्ष’, ‘ष’, ‘ठ’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. किमान सेंटिमीटरभर उंची ठेवा. पहिल्यांदा दंडाची बाहेरची बाजू किंवा कोपराखालचा हात बरा. बोटांवरचा आणि तळव्याच्या कडेचा टॅटू लवकर विटतो, बरगड्यांवर दुखतं जास्त. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलात भरती व्हायचं असेल, तर सलामीच्या म्हणजे उजव्या हातावर काही काढू नका. आधी नियम वाचा.

पुढचे तीन-चार आठवडे समुद्र, पोहण्याचा तलाव, धबधबा आणि रंगपंचमी यांतलं काही येत नाही ना, ते पाहून तारीख घ्या. रक्तदान करत असाल तर आधीच करून घ्या, कारण टॅटूनंतर 12 महिने रक्त घेत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल, तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्या हिशेबाने आखणी करा. मधुमेह, जखमेचा व्रण फुगून वाढण्याची सवय (केलॉइड), मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं औषध, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात टॅटूच नको.

स्टुडिओत भिंतीवरच्या फोटोंपेक्षा टेबलाकडे लक्ष द्या. सुईचं काडतूस (मशीनला लावायचा सुईचा सुटा भाग) सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, पाकिटावरची मुदत संपलेली नसावी. शाई नव्या छोट्या कपात ओतलेली हवी, उरलेली बाटलीत परत जाता कामा नये. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरत असतील तर उठून या. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच शाईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदतात, तिथे स्वस्ताईचा विचारच करू नका.

आदल्या दिवसापासून दारू नको. त्या दिवशी पोटभर जेवून जा. उपाशीपोटी घेरी येते. त्या जागेवर तेल, लोशन लावू नका, केसही घरी काढू नका, कारण वस्तऱ्याच्या ओरखड्यावर सुई चालत नाही. स्टेन्सिल लावल्यावर उभे राहा, हात सैल सोडा आणि आरशात नव्हे, थेट पाहा. आरशात अक्षरं उलटी दिसतात आणि चूक निसटते. वाकडं वाटलं तर पुसून परत लावायला सांगा. इथे भिडस्तपणा महाग पडतो. मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, नाहीतर रेघा फिसकटतात.

घरी आल्यावर खरं काम तुमचं. पारदर्शक वैद्यकीय फिल्म लावली असेल, तर ती किती दिवस ठेवायची ते कलाकाराला विचारून घ्या. आत शाईमिश्रित पाणी साचून कडेने गळायला लागलं तर ती लगेच काढा. साधं स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलं असेल, तर काही तासांतच काढा, आपल्याकडच्या घामात ते जंतूंना उबवतं. मग हात धुऊन, कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने बोटांनीच हलकेच धुवा. टॉवेल नको, टिशूने टिपा. दिवसातून दोन-तीनदा असं धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावा. आठवडाभर गादीवर जुनी, धुतलेली चादर घाला, शाईचे डाग पडतात.

पहिले दोन-तीन दिवस लाली, ऊब आणि थोडी सूज असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि जाम खाज येते. खाजवू नका, वरून हलकेच थापटा. खपली ओढली की तिच्याबरोबर शाईही येते आणि रेघेत पांढरी फट राहते. वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत भरते, आतली आणखी काही महिने घेते. मधे टॅटू धुरकट दिसतो, त्याने घाबरू नका. घरातली मंडळी हळद, तूप, खोबरेल घेऊन येतील. प्रेम समजून घ्या, पण लावू नका. घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलमही नको, त्याने जखम भरायला उशीर होतो. लोकलच्या गर्दीत सैल, सुती बाही घाला.

पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन लावा. फट राहिलीच असेल, तर टचअप (ती फट परत शाईने भरून घेणं) सहा आठवड्यांआधी करू नका.

लाली तिसऱ्या दिवसानंतर कमी न होता पसरत गेली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टॅटू भरल्यावर काही आठवड्यांनी रंगलेल्या भागातच पुटकुळ्या उठल्या, तर तो दूषित शाईतून किंवा पाण्यातून आलेला संसर्ग असू शकतो, आणि लाल शाईवरच खाजरे उंचवटे आले तर बहुधा अॅलर्जी. दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाण्याआधी स्टुडिओतून शाईचं नाव लिहून घ्या.