रिपॉझिटरीत सुरक्षा स्कॅन बसवायचं तर: बेळगावकडच्या नवख्यांसाठी

बेळगावात छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा इथल्याच लोकांची कामं करतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं बिलिंग, पतसंस्थेची खाती, शाळेची फी. मी अशाच एका ठिकाणी आहे. आमचा बहुतेक कोड पीएचपीत, थोडा जावास्क्रिप्टमध्ये. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. दहावी मराठी माध्यमातून, पुढे व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एखाद्या कॉलेजातून इंजिनिअरिंग. त्यांना मी सुरुवातीलाच रिपॉझिटरीवर (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेवर) आपोआप चालणारं सुरक्षा स्कॅनिंग बसवायला देतो. बसवणं अवघड नाही, एखादी दुपार पुरते. त्यानंतर अलर्टची जी रांग लागते तिचं काय करायचं, हे मात्र शिकवण्यांत धड सांगितलेलं नसतं. हे लिहितोय ते मुख्यतः त्यासाठी.

या स्कॅनिंगची कामं तीन: कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेला आपली ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) शोधणं, बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्यांमध्ये माहीत झालेले दोष आहेत का ते बघणं, आणि आपण लिहिलेल्या कोडमधल्या धोक्याच्या जागा दाखवणं. तिन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. याच क्रमाने घ्या. कीचं काम आधी, कारण उघड्यावर पडलेली की कुणाच्या हाती लागली तर नुकसान त्याच दिवशी होतं, आणि अलर्ट खरा की खोटा हे ठरवायलाही फार वेळ लागत नाही.

त्यासाठी आम्ही गिटलीक्स वापरतो. ते फुकट आहे आणि एकाच बायनरी फाइलवर चालतं. ते नुसतं आजच्या फाइलींवर चालवून थांबू नका. गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीचा) सगळा इतिहास त्याला वाचायला लावा. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टवर असं केलं तेव्हा एसएमएस गेटवेची की सापडली. पतसंस्थेच्या सभासदांना मराठीत आणि कन्नडमध्ये जे मेसेज जातात, त्यांची. पूर्वी कुणीतरी ती कॉन्फिग फाइलीत लिहिली होती आणि पुढच्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ओळ काढून टाकली होती. आजच्या कोडमध्ये तिचा मागमूस नव्हता. पण गिटमध्ये ओळ पुसली म्हणजे ती गेली असं होत नाही. ज्याच्याकडे क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) आहे त्याच्याकडे जुनी कमिटही आहे.

अशा वेळी नवी मुलं आधी इतिहास साफ करायला धावतात. तसं करू नका. इतिहास साफ करेपर्यंत की चालूच असते. आधी गेटवेच्या खात्यात जाऊन जुनी की बंद करायची आणि नवी काढायची. मग त्या खात्याचे लॉग आणि बिल बघायचं, आपण न पाठवलेले मेसेज गेलेत का ते कळायला. मग नवी की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, ठेवायची. इतिहासाची साफसफाई शेवटी, आणि तीही गरज असेल तरच, कारण त्यासाठी फोर्स पुश करावा लागतो (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलावा लागतो) आणि सगळ्यांना नव्याने क्लोन घ्यावा लागतो. बंद केलेली की इतिहासात पडून राहिली तरी तिने कुणाला काही करता येत नाही.

पुढे अशी की आत शिरूच नये म्हणून दोन जागी अडवणूक ठेवा: लॅपटॉपवर प्री-कमिट हूक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी), आणि सर्व्हरकडे पुश प्रोटेक्शन (की असलेला कोड वर चढवू न देणं). गिटहबने (रिपॉझिटरी ठेवायच्या वेबसाइटने) २०२४ पासून सार्वजनिक रिपॉझिटरींवरच्या पुशसाठी हे संरक्षण आपणहून चालू ठेवलं आहे. पण ते ओळखतं मोठ्या कंपन्यांच्या ठरावीक साच्यातल्या की. आपण वापरतो त्या छोट्या एसएमएसवाल्याची की त्या यादीत असेलच असं नाही. म्हणून गिटलीक्सच्या कॉन्फिगमध्ये आपला स्वतःचा नियम लिहायला शिका. एक रेग्युलर एक्स्प्रेशन (कीचा साचा सांगणारी ओळ), एक नाव, एवढंच असतं ते, पण या सगळ्या कामात आपल्या कंपनीपुरतं सर्वांत उपयोगाचं तेच ठरतं.

लायब्रऱ्यांकडे येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाला. दोषांच्या जागतिक यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८. गांभीर्याचे गुण दहापैकी दहा. तेव्हा जगभरच्या टीमना पहिला प्रश्न पडला तो दुरुस्तीचा नव्हताच. ही लायब्ररी आपल्याकडे आहे का आणि कुठे आहे, हेच अनेकांना सांगता येईना. लॉक फाइल (कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती याची नोंद) कमिट केलेली असली तर हे उत्तर स्कॅनर काही क्षणांत देतो. म्हणून लायब्रऱ्या आणणाऱ्या साधनांची, पीएचपीच्या कंपोजरची आणि जावास्क्रिप्टच्या एनपीएमची, लॉक फाइल रिपॉझिटरीत असलीच पाहिजे. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाकणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, कारण कुठल्या तरी तयार साच्यात तसं असतं. गिटहबवर असाल तर डिपेंडाबॉट हे लायब्रऱ्यांचे अपडेट सुचवणारं साधन चालू करा, ते खासगी रिपॉझिटरीलाही फुकट आहे. शिवाय कंपोजरच्या २.४ आवृत्तीपासून ऑडिटची कमांड त्यातच मिळते, ती बिल्डमध्ये (कोड आपोआप जुळवून तपासण्याच्या प्रक्रियेत) घाला. अपडेट गटागटाने येतील असं डिपेंडाबॉटच्या फाइलीत लिहा, नाहीतर सोमवारी सकाळी पुल रिक्वेस्टचा (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंत्यांचा) ढीग बघून माणूस एकही न वाचता सगळ्या बंद करतो.

इथे एक सवय लावून घ्या. अलर्टवरचा आकडा बघून लगेच उडी मारू नका. ९.८ गुणांचा दोष फक्त टेस्ट चालवणाऱ्या पॅकेजात असेल, जे प्रॉडक्शन सर्व्हरवर जातच नाही, तर तो या आठवड्यात कधीही करा. पण खातेउतारा ज्या लायब्ररीने पीडीएफमध्ये निघतो तिच्यातला सहा गुणांचा दोष आजच बघा, कारण तिच्यात बाहेरच्या माणसाने भरलेला मजकूर जातो. गुण देणाऱ्याला आपली पतसंस्था माहीत नसते. तुम्हाला ती माहीत असते.

आता स्वतःच्या कोडचं स्कॅन. गिटहबचं कोडक्यूएल चांगलं आहे आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला फुकट आहे, पण त्याला पीएचपी वाचता येत नाही. बेळगावकडची बरीच कामं पीएचपीत असल्यामुळे हे ठळक सांगतो. मुलं डिफॉल्ट सेटअप चालू करतात, हिरवी खूण येते, आणि सगळा प्रोजेक्ट तपासला गेला असं धरून चालतात. प्रत्यक्षात तपासलं गेलेलं असतं ते फक्त जावास्क्रिप्ट. बहुतेक स्कॅनरच्या लॉगमध्ये कोणत्या भाषांच्या किती फाइली वाचल्या ते दिलेलं असतं. ती ओळ आधी बघायची. पीएचपीसाठी आम्ही सेमग्रेप वापरतो.

पहिल्यांदा चालवलं की यादी लांबलचक येते. निपाणीची एक मुलगी पडदा बघून म्हणाली होती, “सर, हे सगळं लाल-लाल काय दाखवायलंय?” घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. जुन्या कोडची यादी एका बाजूला ठेवा आणि पुल रिक्वेस्टमध्ये नव्याने आलेला दोष तेवढा अडवा. सेमग्रेपला तुलनेसाठी जुनी कमिट देता येते. पहिल्याच दिवशी जुन्या दोषांसाठी बिल्ड अडवलीत, तर आठवड्यात कुणीतरी स्कॅनच बंद करून टाकेल. ते तुमच्यावर रागावून नव्हे, डिलिव्हरीच्या घाईने.

मग रोज थोडे अलर्ट वाचा. आमच्याकडचे दोन सांगतो. एका रिपोर्टच्या पानावर सभासद क्रमांक ब्राउझरकडून येत होता आणि तसाच डेटाबेसला विचारणा करणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्याला जोडला जात होता. दुसरीकडे एमडीफाइव्ह (पासवर्डसाठी कमकुवत ठरलेली जुनी हॅश पद्धत) वापरल्याबद्दल अलर्ट होता. दोन्ही लाल. पहिला वाचताना, उसाच्या सरीत आलेलं पाणी पाटाने मागे मागे शोधत जावं तसं जायचं: ही किंमत कुठून निघाली, वाटेत कुणी तपासली का, शेवटी कुठे पडली. इथे वाटेत कुणीच तपासत नव्हतं. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (किंमत क्वेरीपासून वेगळी पाठवायची पद्धत) घालून तो त्याच दिवशी मिटवला. दुसऱ्यात एमडीफाइव्ह होतं ते कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) फाइलीला नाव देण्यासाठी, पासवर्डशी संबंध नव्हता. तो बंद केला, पण बंद करताना कारण लिहून. हे कारण लिहिणं सोडू नका. सहा महिन्यांनी दुसरा कुणी तो अलर्ट उघडेल तेव्हा तुम्ही विचार करून बंद केलात की कंटाळून, हे त्याला त्या एका ओळीवरून कळतं.

स्कॅनरला न दिसणाऱ्या गोष्टी मला जास्त काळजीच्या वाटतात. समजा, एका शाखेच्या कारकुनाने पत्त्याच्या पट्टीतला खाते क्रमांक बदलला आणि दुसऱ्या शाखेच्या सभासदाची शिल्लक दिसली. कोड तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, क्वेरी सुरक्षित आहे, आणि तरी हा मोठा दोष आहे. कुणी काय बघावं हा पतसंस्थेचा नियम स्कॅनरला ठाऊक नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या पानासाठी ‘हे कुणाला दिसू नये?’ हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये माणसानेच विचारायचा. मार्च २०२४ मध्ये फाइली आवळणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत मुद्दाम लपवलेला मागचा दरवाजाही कुठल्या स्कॅनरने पकडला नाही. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायचं) लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने मंद झाल्याचं खटकलं आणि त्याने त्याचा माग काढला. आपल्या सर्व्हरचं रोजचं वागणं माहीत असणं किती कामाचं असतं ते यातून दिसतं.

स्कॅन ज्या वर्कफ्लोमध्ये (गिटहबने आपोआप चालवायच्या पायऱ्यांच्या फाइलीत) चालतं तो स्वतःच धोक्याची जागा असतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची ‘चेंज्ड फाइल्स’ ही तेवीस हजारांहून अधिक रिपॉझिटरींत वापरली जाणारी ॲक्शन (वर्कफ्लोत घालायची तयार पायरी) कुणीतरी ताब्यात घेतली आणि तिचे जुने टॅग (आवृत्त्यांची नावं) खोडसाळ कमिटकडे वळवले. परिणामी बिल्डच्या लॉगमध्ये गुपितं छापली जाऊ लागली. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळख) लिहिला होता, त्यांच्या बिल्डमध्ये जुना, चांगला कोडच चालत राहिला. म्हणून बाहेरची प्रत्येक ॲक्शन हॅशने बांधा. डिपेंडाबॉट तो हॅशही अद्ययावत करून देतो. वर्कफ्लोच्या टोकनला (त्याच्या प्रवेशपत्राला) फक्त वाचायची परवानगी द्या, निकाल चढवण्यापुरती लिहायची. फोर्कवरून (दुसऱ्याने घेतलेल्या स्वतंत्र प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला गुपितं मिळत नाहीत म्हणून बिल्ड अडते, तेव्हा ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ लावून वाट काढा असा सल्ला सहज मिळतो. तो घेऊ नका. त्यावर अनोळखी माणसाचा कोड चालवला तर आपली गुपितं त्याच्या हाती जातात.

खर्चाचं थोडक्यात. गिटहबच्या फुकट योजनेत खासगी रिपॉझिटरीला वर्कफ्लो चालवायला महिन्याला २,००० मिनिटं मिळतात, म्हणून जड स्कॅन आठवड्यातून एकदा आणि हलकं प्रत्येक पुल रिक्वेस्टला. खासगी रिपॉझिटरीत कोडक्यूएलला पैसे पडतात. सेमग्रेप आणि गिटलीक्स साधी कमांड म्हणून चालवून काम भागतं. क्रॉनची (आपोआप चालायच्या वेळापत्रकाची) वेळ एरवी यूटीसीत धरली जाते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शिवाय हे सगळं गिटहबच्या यंत्रांवर चालतं, त्यामुळे जांबोटीकडे पावसात वीज गेली किंवा लॅपटॉप जुना असला तरी तुमचं शिकणं अडत नाही.

सरावासाठी डीव्हीडब्ल्यूए हे मुद्दाम दोष ठेवून लिहिलेलं पीएचपी ॲप फोर्क करा. ते फक्त स्वतःच्या मशीनवर चालवा आणि त्यावर सेमग्रेप लावून बघा. दुसऱ्याच्या चालू वेबसाइटवर परवानगीशिवाय स्कॅनर सोडू नका, मग ती आपल्याच कॉलेजची का असेना. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो.

नोकरीसाठी येताना बायोडेटात साधनांची नावं भरू नका. एक खरा अलर्ट निवडा आणि तो काय होता, तुम्ही तो खरा की खोटा कसा ठरवलात, काय बदललंत, हे चार ओळींत लिहा. मी मुलाखतीत तेच विचारतो. आणि ते मराठीत सांगता येतं का बघतो, कन्नडमध्ये आलं तर फारच चांगलं. कारण उद्या फाउंड्रीच्या मालकाला मराठीत आणि पतसंस्थेच्या चेअरमनना कन्नडमध्ये तुम्हालाच समजवायचं असतं की या आठवड्यात नवं फीचर का थांबवलं. सीमेवर वाढलेल्या मुलांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या असतात, ही फार मोठी ताकद आहे आणि ती बायोडेटात नि:संकोच लिहावी.

प्रोजेक्टची लिंक देणार असाल तर आदल्या दिवशी तिचं ॲक्शन्सचं पान उघडून बघा. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसली की वेळापत्रकावरचे वर्कफ्लो गिटहब बंद करतं. बटण दाबून ते पुन्हा चालू करा आणि ताजं स्कॅन पूर्ण होऊ द्या, मगच लिंक पाठवा.