गावाचा इतिहास वाचायला बसताय? या चुका टाळा

सांगलीचं जुनं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, मागितलं तेव्हा वाचनालयातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" म्हटलं, तासगाव. "मग सांगली कशाला शोधताय? साताऱ्याचा खंड काढा की."

त्याआधी माझा अख्खा शनिवार वाया गेला होता. जेम्स कॅम्पबेल या सनदी अधिकाऱ्याच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये साताऱ्याचा खंड १८८५ चा. तेव्हा तासगाव, वाळवा, खानापूर ही सगळी साताऱ्यात. दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. आजचा नकाशा डोक्यात ठेवून जुनं पुस्तक शोधायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सिंधुदुर्गवाल्यांनी 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' काढावा, नंदुरबारकरांनी 'खानदेश'. दोन्ही १८८० चे. लातूर-जालन्याच्या माणसाने मात्र या मालिकेत वेळ घालवू नये. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्याचं दप्तर वेगळं. विदर्भही मुंबई इलाख्यात नव्हता.

नावांचंही तेच. संगणकावर शोधताना वसई सापडत नाही म्हणून लोक नाद सोडतात. ठाण्याच्या खंडात ती 'बसीन' म्हणून बसलेली असते.

खंड मिळाला की पान एकपासून सुरुवात करू नका. डोंगर, दगड, झाडं, गुरंढोरं यातच माणूस दमतो. मागून सुरुवात करा. शेवटी गावांची वर्णनं असतात: बाजार कुठल्या वारी, देऊळ कुणी बांधलं, शाळा-दवाखाना होता का, १८७२ च्या (आणि नंतरच्या खंडांत १८८१ च्याही) शिरगणतीत डोकी किती. स्वतःचं गाव एकदा तिथे भेटलं की पुढची चारशे पानं आपोआप वाचली जातात. जातींवरची प्रकरणं मात्र जपूनच वाचावीत. अमुक जात कष्टाळू, तमुक आळशी असे शेरे तिथे बिनदिक्कत मारलेले आहेत, आणि आजही काही जण ते पुरावा म्हणून तोंडावर फेकतात.

आता तारखा. इथे भलेभले घसरतात. जुन्या कागदात साल आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं आणि तेही एकंपासून उलटं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत भेटणारा. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, असं कुणीतरी सांगतं आणि आपण १७६० लिहून मोकळे होतो. पण हा सन मृगाला सुरू होतो. कागद पौष-माघातला असेल तर इंग्रजी वर्ष मध्येच बदललेलं असतं, म्हणून ६०० मिळवायचे. पानिपत याच ११६१ मधलं. १४ जानेवारीला ५९९ चा हिशेब लावलात तर पानिपत वर्षभर आधी होऊन बसेल! फसली या महसुली सनाचंही तसंच, फक्त तिथे ५९० किंवा ५९१. शकात ७८ किंवा ७९. ग. ह. खरे यांचं 'संशोधकाचा मित्र' हाताशी असलं तर ही डोकेदुखी निम्मी होते. मोडी न शिकता छापील साधनांवर काम भागवता येतं, पण कालगणना टाळून नाही.

आवृत्ती न बघता पुस्तक उचलणं हीही नेहमीची चूक. पेणजवळच्या वरसईच्या गोडसे भटजींचं १८५७ च्या धामधुमीतलं प्रवासवर्णन, 'माझा प्रवास', घ्या. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी तो छापला, पण मजकुरावर आपला हात फिरवून. मूळ लेखनाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. वाचताना समोर कुठली आहे हे बघायला दोन मिनिटं लागतात. भटजी बोलतोय की संपादक, हे कळायला तेवढी पुरतात.

'गावगाडा' (१९१५) हे प्रत्येक यादीत असतं आणि असावंच. पण लोक ते हळवे होऊन वाचतात: बारा बलुतेदार, सुखी गाव, वगैरे. त्रिंबक नारायण आत्रे गावकीची आरती ओवाळायला बसलेले नव्हते. वतनदार, फुकटे, फिरस्ते यांचा कुणब्यावर पडणारा बोजा त्यांनी पै-पैने मांडला आहे. भटक्या जातींबद्दल ते कठोर होतात, तेही डोळे उघडे ठेवून वाचायला हवं.

वतनाच्या भांडणातले करीने (पक्षकारांनी आपला हक्क सांगणाऱ्या लेखी हकिकती) वाचताना एवढंच लक्षात ठेवा की तो फिर्यादीचा जबाब आहे. 'आमचे मूळपुरुष या गावचे पहिले पाटील' असं प्रतिवादीच्या करीन्यातही लिहिलेलं असतं. कुलवृत्तांताचा, म्हणजे घराण्याने छापलेल्या स्वतःच्या इतिहासाचा, सूरही फार वेगळा नसतो.

आणि नगरपालिका, शाळा, वाचनालयं यांच्या शताब्दी स्मरणिका रद्दीत घालू नका. मान्यवरांचे संदेश खुशाल उलटा. माझ्याकडे अशी एक आहे. तिच्या मागच्या पानांवर पानपट्टीएवढ्या जाहिराती आहेत: बेदाण्याचे अडते, सायकल दुरुस्ती, रॉकेलचा डेपो, 'लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने मिळतील'. पेठेत कोण कुठे बसत होतं, ते मला त्याच पानांवर सापडलं.